जुन्या अमेरिकन नोटा: शिक्का, सिरीज, कागद आणि फसवाफसवी

कागदीघोडा

नाण्यांच्या धाग्यावर अमेरिकन नोटांचं अवांतर फार वाढलं, म्हणून हा वेगळा धागा. मर्यादा अशी: १८६१ पासून १९६० च्या दशकापर्यंतच्या अमेरिकी नोटा. आजच्या हिरव्या नोटांचे 'फॅन्सी नंबर' इथे नकोत, त्यांच्यासाठी दुसरीकडे भरपूर जागा आहे.

नोट हातात आली की आधी मोजपट्टी लावा. जुनी मोठी नोट साधारण १८७ बाय ७९ मिमी भरते. तिला तिकडे घोड्याची झूल म्हणतात, आणि ते खोटं नाही. १० जुलै १९२९ पासून लहान नोटा चलनात आल्या, १५६ बाय ६६ मिमीच्या. त्यांच्यावर सिरीज मात्र १९२८ अशी असते. नवा माणूस इथेच पहिल्यांदा गोंधळतो, कारण नोटेवरचं साल हे छपाईचं साल नसतं. ते त्या नक्षीचं साल. खजिनदार किंवा अर्थमंत्री बदलला, सही बदलली, की पुढे अक्षर लागतं: १९३५-बी, सी, डी. एक डॉलरची १९३५ सिरीज अशी एच पर्यंत गेली आणि १९६० च्या दशकातही छापली जात होती. त्यामुळे '१९३५ ची नोट, नव्वद वर्षं जुनी' असं सांगणाऱ्याकडे दुर्लक्ष करा.

लहान नोटेत खजिन्याच्या छापील शिक्क्याचा रंग जात सांगतो. निळा म्हणजे सिल्व्हर सर्टिफिकेट, चांदीच्या तारणावरची नोट (१, ५ आणि १० डॉलर). लाल म्हणजे युनायटेड स्टेट्स नोट (बहुतेक २ आणि ५, १ डॉलरची फक्त १९२८ सिरीज, आणि १९६६ ची १०० डॉलर). सोनेरी म्हणजे १९२८ चं गोल्ड सर्टिफिकेट. हिरवा म्हणजे फेडरल रिझर्व्ह (तिकडची मध्यवर्ती बँक) नोट. तपकिरी शिक्का आला तर थांबा, तिथे तीन वेगळ्या जाती आहेत. त्यावर पुढे लिहितो. मोठ्या नोटांना हा रंगांचा नियम लावू नका, तिथे एकाच जातीत शिक्क्याचे रंग आणि आकार अनेकदा बदलले आहेत.

नवशिका

उत्तम धागा! दोन प्रश्न. एक विक्रेता १९५७ च्या निळ्या शिक्क्याच्या दहा नोटांची जुडी 'चांदीच्या नोटा' म्हणून देतोय. म्हणतो, त्यावर लिहिलंच आहे की मागताक्षणी एक डॉलर चांदी देऊ. खरंच मिळते का चांदी? दुसरं, बजेट शंभर-दीडशे डॉलर असेल तर काय घ्यावं?

ट्रेंटनकर

चांदी मिळत नाही. मार्च १९६४ मध्ये चांदीचे डॉलर देणं बंद झालं, मग काही काळ कच्ची चांदी देत होते, तेही २४ जून १९६८ ला संपलं. मजकूर तोच राहिला, आज ती नोट कायद्याने एक डॉलरची. १९५७, ५७-ए, ५७-बी या इतक्या छापल्या गेल्या की वापरलेल्या नोटेला दर्शनी किमतीवर थोडं जास्त मिळालं तरी पुष्कळ. कोऱ्या जुडीतल्या असल्या तरच विचार करा. १९५७ च्या तारांकित नोटाही सहज मिळतात, 'स्टार' शब्दाला भुलू नका. (छपाईत बिघडलेल्या नोटेच्या जागी घातलेली बदली नोट ती, क्रमांकाला तारा असलेली. लहान निळ्या आणि लाल शिक्क्याच्या नोटांत तारा क्रमांकाच्या आधी येतो, फेडरल रिझर्व्हच्या नोटेत शेवटी.)

याच वर्गातल्या आणखी दोन:

१९६३-बी चा एक डॉलर, जोसेफ बार यांच्या सहीचा. बार डिसेंबर १९६८ च्या शेवटी अर्थमंत्री झाले आणि जानेवारी १९६९ मध्ये पायउतार झाले. महिनाभराचा मंत्री म्हणजे नोट दुर्मीळ होणार, असं समजून लोकांनी त्या तेव्हाच साठवल्या. छपाई मात्र कोट्यवधींची झाली होती. आज एक डॉलरच्या वर फारसं काही नाही.

१९७६ चे दोन डॉलर, वर तिकीट आणि १३ एप्रिलचा पोस्टाचा शिक्का. पहिल्या दिवसाची आठवण म्हणून लोकांनी पोस्टात रांगा लावल्या. दिसायला छान, पण बाजार नाही.

दीडशे डॉलरमध्ये माझं मत: दहा नोटा घेऊ नका, दोन घ्या. पहिली १९२३ चं एक डॉलरचं मोठं सिल्व्हर सर्टिफिकेट. मोठ्या नोटांमधली ही सर्वात सहज मिळणारी आणि एक डॉलरची शेवटची मोठी नोट. स्पीलमन आणि व्हाइट यांच्या सह्यांची घ्या, तीच मुबलक आहे. फ्रीडबर्ग क्रमांक (अमेरिकन नोटांच्या सूचीतला क्रमांक) २३७. वुड्स-व्हाइट (२३८) आणि वुड्स-टेट (२३९) त्याहून कमी, भावही वेगळे. विक्रेता २३९ चा भाव सांगत असेल तर आधी सह्या वाचा. दुसरी नोट 'हवाई' अक्षरं छापलेला एक डॉलर, १९३५-ए. दोन्ही बऱ्या अवस्थेत बसतात आणि पुढे विकायला त्रास होत नाही.

करकरीत

वर सगळं सिरीज आणि सह्यांवर चाललंय. माझा आग्रह उलटा आहे. आधी कागद बघायला शिका, सिरीज नंतर. दुर्मीळ सिरीजची धुतलेली नोट घेऊन बसण्यापेक्षा साध्या सिरीजची अस्सल कागदाची नोट कधीही बरी, कारण विकताना समोरचा कागदच बघतो.

कागद कसा असतो ते आधी. १८७९ पासून मॅसॅच्युसेट्समधली क्रेन कंपनी हा कागद पुरवते. सुती-लिननच्या चिंध्यांचा लगदा, त्यात लाल-निळे रेशमी तंतू. वर सरसाची खळ. नोट करकर वाजते ती या खळीमुळे. छपाई कोरीव पाटीवरची: शाई कागदावर उभी राहते, आणि प्रचंड दाबामुळे कागदही नक्षीत दाबला जातो. क्रमांक आणि शिक्का नंतर वेगळ्या टाइपाने ठोकलेले, त्यामुळे अस्सल कोऱ्या नोटेच्या मागून क्रमांकाचा उठाव दिसतो.

आता नोट पाण्यात घालून, दाबाखाली वाळवून 'सुधारली' की काय होतं? खळ निघून जाते, नोट लुळी पडते. मग कोणी स्टार्च मारून पुन्हा कडक करतो, पण तो कडकपणा कार्डासारखा, करकर नाही. उठाव चपटा होतो. आणि घडीवरची उडालेली शाई परत येत नाही, घडी फक्त दिसेनाशी होते.

तपासायची पद्धत:

१. अंधाऱ्या खोलीत एकच दिवा, नोट जवळजवळ दिव्याच्या रेषेत आडवी धरा. घडी असेल तिथे सावलीची रेघ दिसते, कितीही दाबलेली असली तरी. उभी धरून, आडवी धरून, मग मागून, असं तीनदा बघा.

२. मागून क्रमांक बघा. पुढून नोट कोरी दिसते आणि मागे उठाव अजिबात नाही, म्हणजे इस्त्री झालेली आहे.

३. अतिनील टॉर्च मारा. ३६५ नॅनोमीटरचा घ्या, ३९५ चा जांभळा उजेड स्वतःच सगळं झाकून टाकतो. जुना कागद मंद, मळकट दिसला पाहिजे. निळसर पांढरा चमकला तर साबणातलं उजळ करणारं द्रव्य त्यात गेलं आहे. टाचणीची भोकं किंवा फाटलेली कड लगदा-डिंक लावून भरली असेल तर तेवढाच ठिपका वेगळा उजळतो.

४. मागे दिवा धरून भोकं बघा. मोठ्या नोटांना टाचणीची भोकं असणारच, त्यात घाबरण्यासारखं नाही. भाव त्याप्रमाणे असला म्हणजे झालं.

५. उंची मोजा. लहान नोट ६६ मिमीऐवजी ६४ भरली तर फाटकी कड कापून सरळ केली आहे. मोठ्या नोटा मुळातच थोड्या कमीजास्त कापलेल्या असतात, तिथे चारही समास एकमेकांशी ताडून बघा.

अश्विनी_डी

करकरीत यांच्याशी सहमत, फक्त एक भर. हे सगळं पारदर्शक कडक होल्डरमधल्या नोटेवर करता येत नाही, आणि महागातली जवळजवळ प्रत्येक नोट आज होल्डरमध्येच विकली जाते. तिथे लेबल वाचायला शिकावं लागतं.

लेबलवर नोटेच्या अवस्थेचा ग्रेड असतो. त्याची ७० अंकांची पट्टी नाण्यांवरूनच आलेली. ढोबळ हिशेब: ६० च्या वर म्हणजे घडीच नाही. ५० ते ५८ ला एखादी हलकी घडी किंवा कोपरा मुडपलेला. ४०-४५ ला दोन-तीन हलक्या घड्या किंवा एक ठळक. २० ते ३५ ला अनेक घड्या, तरी कागदात जीव आहे. १२-१५ ला नोट मऊ, पण नक्षीत फाटलेली नाही. ग्रेडिंगच्या दोन कंपन्यांपैकी पीएमजीच्या लेबलवर ईपीक्यू, पीसीजीएसच्या लेबलवर पीपीक्यू ही अक्षरं असली तर कागदाला कोणी हात लावलेला नाही, असं ते म्हणतात. 'नेट' लिहिलं असेल तर काहीतरी दोष किंवा दुरुस्ती आहे, मागचं टिपण वाचा.

५५ ईपीक्यू आणि ६२ साधी यात मी ५५ घेईन. ६२ ला ती अक्षरं का मिळाली नाहीत, हा प्रश्न विकताना पुढचा माणूस विचारतोच.

लेबलवरचा प्रमाणपत्र क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाका आणि तिथला फोटो हातातल्या नोटेशी जुळवा. नुसता ग्रेड आणि नोटेचा प्रकार जुळून भागत नाही, नोटेचा क्रमांक जुळला पाहिजे. बनावट होल्डर खऱ्या प्रमाणपत्रांचेच क्रमांक वापरतात.

करकरीत

@अश्विनी_डी, ५५ विरुद्ध ६२ चं पटलं. पण शंभर डॉलरच्या आतल्या नोटेला होल्डर नको. ग्रेडिंगची फी, दोन्हीकडचं टपाल आणि विमा धरला की खर्चच नोटेइतका होतो. ती नोट हातात घेऊन शिकण्यासाठी असते.

नवशिका

तारखा, सह्या, कागद हे समजलं. तपकिरी शिक्क्याचं राहिलंय.

कागदीघोडा

लिहितो. तपकिरी शिक्क्याच्या लहान नोटा तीन.

हवाई: पुढे दोन्ही कडांना उभं बारीक आणि मागे आरपार मोठ्या अक्षरांत 'हवाई' छापलेलं. १९४२ मध्ये, जपानने बेटं घेतलीच तर हे पैसे एका फटक्यात रद्द करता यावेत म्हणून. साध्या नोटा परत घेऊन जाळल्या. एवढा कागद जाळायला दहनगृहाची भट्टी पुरेना, तेव्हा साखर कारखान्याची भट्टी वापरली. (आपल्याकडच्या वाचकांनी इथे हसायला हरकत नाही.) १, ५, १० आणि २० डॉलर. एक डॉलर सिल्व्हर सर्टिफिकेट, बाकी फेडरल रिझर्व्ह नोटा.

दुसरी, १९२९ ची नॅशनल बँक नोट. तिसरी, १९२९ ची फेडरल रिझर्व्ह बँक नोट. या दोन्हींवर वर 'नॅशनल करन्सी' असंच लिहिलेलं, दोन्ही एकाच पाट्यांवरून निघालेल्या, आणि इथेच पैसे बुडतात. १९३३ च्या बँकसंकटाच्या वगैरे फार खोलात जात नाही, फरक ओळखा: डावीकडे मोठं काळं अक्षर (ए ते एल) आणि फेडरल रिझर्व्हच्या बारा शहरांपैकी एकाचं नाव असेल तर ती फेडरल रिझर्व्ह बँक नोट. अधिकाऱ्याच्या पदावर काळ्या पट्ट्या मारून नवं पद छापलेलंही दिसेल. अक्षराऐवजी सनदेचा आकडा (बँकेला सरकारने दिलेल्या परवान्याचा क्रमांक) असेल आणि गावातल्या एखाद्या बँकेचं नाव असेल तर ती नॅशनल.

नॅशनलचं गणित पूर्ण निराळं. १८६३ ते १९३५ या काळात हजारो बँकांनी सरकारी रोख्यांच्या तारणावर स्वतःच्या नावाच्या नोटा काढल्या. सनदेचे क्रमांक १४ हजारांच्या वर जातात. किंमत नोटेच्या वयावर किंवा दर्शनी रकमेवर नाही, त्या बँकेच्या किती नोटा आज माहीत आहेत यावर. न्यूयॉर्क किंवा शिकागोच्या मोठ्या बँकेची २० डॉलरची कोरी नोट एका लहान गावच्या मळक्या पाचापुढे काहीच नाही. म्हणून खरेदीआधी तो सनद-क्रमांक घेऊन त्या बँकेच्या माहीत असलेल्या नोटांची नोंदीतली संख्या बघायची, मग जुन्या लिलावांचे निकाल. हेरिटेज या लिलाव कंपनीचं जुन्या विक्रीचं भांडार मोफत नोंदणीवर उघडतं. तिथल्या आकड्यात खरेदीदाराकडून घेतलेलं अधिमूल्य धरलेलं असतं, साधारण २० टक्के. हातोड्याचा भाव, म्हणजे बोली थांबली तो, हवा तर तिथल्या आकड्याला १.२ ने भागा.

१९२९ च्या नॅशनलमध्येही टाइप एक आणि टाइप दोन. एकमध्ये सनद-क्रमांक दोनदा, काळ्यात. दोनमध्ये आणखी दोनदा, तपकिरीत. टाइप एकच्या नोटक्रमांकाच्या दोन्ही टोकांना अक्षर, दोनमध्ये फक्त पुढे. कारण छपाईत आहे: टाइप एकच्या सहा नोटांच्या तावावर सहाही नोटांना एकच क्रमांक, पुढचं अक्षर ए ते एफ बदलायचं. टाइप दोनमध्ये क्रमांक ओळीने चालतात. बऱ्याच बँकांत एक टाइप मुबलक आणि दुसरा जवळजवळ नाहीच, म्हणून लिलावाचे निकाल बघताना टाइप जुळवूनच बघा.

ट्रेंटनकर

म्यूल राहिले. वर 'सही बदलली की अक्षर बदलतं' म्हटलंय, पण १९३५ आणि १९३५-ए दोन्हींवर ज्युलियन-मॉर्गेनथाऊ याच सह्या आहेत. तिथे बदल पाटीक्रमांकात झाला. उजवीकडे खालच्या कोपऱ्यातला हा बारीक आकडा आधी ०.६ मिमीचा होता, १९३८ पासून १ मिमीचा केला. पुढची पाटी एका मापाची आणि मागची दुसऱ्या मापाची जुळली की ती म्यूल. दहापटीचं भिंग पुरतं. ५ डॉलरच्या नोटेत मागची पाटी ६३७ शोधा. बारीक आकड्याची ही पाटी १९४५ ते १९४९ मध्ये वापरात आली, म्हणजे बाकी सगळं मोठ्या आकड्यांचं झाल्यावर. गंमत म्हणजे विक्रेते ही नोट पुष्कळदा साध्या भावात देतात.

रत्नांग्रीस

कोकणातल्या पावसाळ्यात ठेवायच्या कशा ते कोणीच लिहीत नाही, म्हणून मीच लिहितो.

लॅमिनेशन कधीच नाही. अल्बमची स्वस्त, मऊ, नव्या प्लॅस्टिकचा वास येणारी पानं म्हणजे पीव्हीसी. ती तेलकट होतात आणि नोटेला चिकटतात. शंका असेल तर पानाचा कोपरा कापा, तांब्याची तार लाल तापवून त्या तुकड्याला टेकवा आणि तार परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे, पान फेकून द्या. धूर घातक असतो, हे गच्चीवर करा. मेलिनेक्स ५१६ चे (पारदर्शक पॉलिएस्टरचे) पाकीट घ्या. नोटेच्या मापापेक्षा सगळीकडून पाच-सहा मिमी मोठं. घट्ट पाकिटात नोट सरकवताना कोपरे मुडपतात.

आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास हवी. आपल्याकडे जुलैत ती ८५-९० असते. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि पंधरा रुपयांचा नव्हे, बऱ्यापैकी आर्द्रतामापक. रंग बदलणारं जेल घ्या, रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास भाजून पुन्हा वापरा. बँकेचा लॉकर चोरापासून वाचवतो, दमटपणापासून नाही. तिथेही डबाच. तपकिरी ठिपके म्हणजे बुरशी, एकदा पडले की जात नाहीत, आणि शेजारच्या नोटेवर जातात.

कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या टाकू नका, त्यांची वाफ प्लॅस्टिकवर बसते. वेखंडाची पुरचुंडी डब्याच्या बाहेर, कपाटात.

नवशिका

भारतात अशा नोटा ठेवायला कायद्याची अडचण?

ट्रेंटनकर

हा मुद्दा लोक हलक्यात घेतात. आपल्याकडे बाद झालेली नोट म्हणजे निव्वळ कागद, म्हणून 'जुनी नोट, कसलं चलन' असं वाटतं. अमेरिकेने मात्र १८६१ पासूनच्या सरकारी नोटा दर्शनी किमतीला आजही चालू ठेवल्या आहेत. सोन्याची सर्टिफिकेटं १९३३ मध्ये परत मागवली होती, तीही बाळगायला १९६४ पासून मोकळी आहेत. त्यामुळे ते परकी चलनच. २०१५ च्या नियमांनुसार भारतातल्या रहिवाशाला ठरावीक मार्गांनी मिळालेल्या परकी नोटा एकूण २००० डॉलरपर्यंत ठेवता येतात. नाण्यांना मर्यादा नाही. टपालाने मागवण्याआधी अधिकृत डीलर बँकेत विचारा आणि पावती जपा. यादवी युद्धातल्या दक्षिणेकडच्या कॉन्फेडरेट नोटा आणि त्याआधीच्या खासगी बँकांच्या नोटा आज कोणाचंच चलन नाहीत.

आणि याच दोन गटांत नकला सर्वाधिक. पिवळट, कुरकुरीत चर्मपत्रासारखा कागद, सुरकुत्या मुद्दाम पाडलेल्या. बँक ऑफ द युनायटेड स्टेट्सची १००० डॉलरची नोट दिसली आणि क्रमांक ८८९४ असला तर पुढे वाचूही नका. तो एकच क्रमांक असंख्य नकलांवर आहे. कॉन्फेडरेट नकला तर १९५४ मध्ये न्याहारीच्या चेरिओज धान्याच्या खोक्यांतून वाटल्या गेल्या. खऱ्या नोटांवर, पन्नास सेंटची सोडून, सह्या दौतीच्या शाईने हाताने केलेल्या असतात. शाई तपकिरी पडलेली, कधी कागद जाळून आरपार गेलेली. नकलेत सहीही बाकी मजकुराच्याच काळ्या रंगात छापलेली.

वाईकर

उशिरा आलो. एका ओळखीच्यांकडे १९३५-ए चा एक डॉलर आहे, निळा शिक्का, उजवीकडे खाली लाल 'एस'. क्रमांक एस ७१४२०३५८ सी. 'प्रयोगाची नोट' म्हणून चांगले पैसे मागतायत. फोटोत लाल रंग एकदम ताजा वाटतो.

करकरीत

प्रयोग खरा आहे. १९४४ मध्ये नेहमीचा कागद आणि नवा कागद यांची तुलना करायला दोन्ही प्रकारच्या प्रत्येकी ११,८४,००० नोटा काढल्या. नेहमीच्या कागदावर लाल 'आर', खास कागदावर लाल 'एस'. फरक पडला नाही, प्रकरण तिथेच संपलं. पण साध्या १९३५-ए वर लाल अक्षर ठोकायला रबरी शिक्का पुरतो, म्हणून खोट्या भरपूर. अक्षर बघण्याआधी क्रमांक बघायचा:

आर: एस ७०८८४००१ सी ते एस ७२०६८००० सी
एस: एस ७३८८४००१ सी ते एस ७५०६८००० सी

वाईकर

म्हणजे क्रमांक 'आर'च्या पट्ट्यात आणि अक्षर 'एस'?

करकरीत

हो. ७१४२०३५८ आर च्या पट्ट्यात बसतो. म्हणजे मुळात ती खरी 'आर' असू शकत होती, आणि कोणीतरी लाल 'आर' घासून 'एस' केला असेल, किंवा अक्षर झिजलेल्या नोटेवर नवं मारलं असेल. अक्षराच्या जागी भिंगातून बघा: कागदाचे तंतू उभे राहिलेत का, आजूबाजूच्या काळ्या रेषा तुटल्यात का, अतिनील उजेडात तिथे वेगळा डाग दिसतो का. काहीही निघालं तरी 'एस' म्हणून ती खोटीच. क्रमांकाच्या शेवटचं अक्षर 'सी'च आहे आणि 'जी' किंवा 'ई' नाही, एवढं मात्र फोटो मोठा करून खात्री करून घ्या. 'सी' नसेल तर ती या प्रयोगातलीच नव्हे, आणि एक डॉलरच्या वर थोडेफार जे काय ते द्या.